‘खेपा किती झाल्या?’ : बेळगावच्या शिवेवरल्या एका लहान मुलीचा शोध

आप्पांची लेक माझ्याकडे पहिल्यांदा आली ती पिशवीत एक फुटकी पाटी आणि चांदीचे वाळे घेऊन. तिची आजी, म्हणजे आप्पांची आई, २०२२ च्या पावसाळ्यात गेली. शेवटचे आठ-दहा दिवस म्हातारी भ्रमात होती. दाराकडे बघून एकच हाक मारायची, "बाळी, आत ये गं, पाऊस आलाय." घरात बाळी म्हणून कुणी नव्हतं. आप्पा आयुष्यभर स्वतःला एकुलते एक समजत आले होते. दिवसकार्य झाल्यावर आजीची पत्र्याची ट्रंक उघडली, तर तळाशी लुगड्याच्या घडीत लाकडी चौकटीची अर्धी पाटी आणि तान्ह्या बाळाच्या पायातले वाळे निघाले.

"बाई, ही बाळी कोण होती ते शोधता येईल का ओ?"

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरी सगळी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या मराठी शाळांत झाली. मोडी वाचता येते म्हणून निवृत्तीनंतर लोक जुने कागद घेऊन येतात. बहुतेकांना जमिनीचं काहीतरी हवं असतं. साठ वर्षांपूर्वी गेलेल्या पोरीसाठी कुणी येतं असं माझ्याकडे तोवर झालं नव्हतं. घरच्यांच्या इच्छेनुसार इथे नावं, आडनाव आणि दोन्ही गावं दिलेली नाहीत. मुलीला तिची आई जी हाक मारायची तेवढी हाक ठेवली आहे.

आप्पांचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चंदगडच्या शिवेला लागून. पहिल्या बैठकीत मी कागद काढलेच नाहीत. आधी काळ आखून घ्यायचा होता. जुन्या माणसांना साल विचारलं तर ती गोंधळतात, प्रसंग विचारला तर बरोबर सांगतात. म्हणून विचारलं, "आप्पा, तुम्हाला आठवणारी सगळ्यात जुनी गोष्ट कुठली?" ते म्हणाले, भूकंप. पहाटेच्या अंधारात आईनं उचलून अंगणात नेलं, गोठ्यात जनावरं हंबरत होती, आणि बाबा आजीला हाताला धरून बाहेर आणत होते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. त्या अंगणात आणखी कुणी लहान मूल होतं का? आप्पांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला. "न्हाई. आईचे दोन्ही हात मलाच धरलेले." शाळेच्या दाखल्यावर त्यांचा जन्म १९६३ चा. म्हणजे बाळी असलीच तर १९६७ च्या आधी गेलेली, बहुधा आप्पांच्या जन्माच्याही आधी. आणि पाटी आहे, म्हणजे शाळेत जाण्याएवढी झालेली.

दुसरी खूण आप्पांच्या स्वतःच्या नावात होती. ते नाव दगड-धोंड्यांच्या कुळातलं आहे. आपल्याकडे आधीची मुलं गेली की पुढच्याला दृष्ट लागू नये, यमानं त्याच्याकडे बघू नये म्हणून दगडू, धोंडू, केरबा असलं नाव ठेवत. बेळगावकडे कानडीच्या शेजारानं त्यात आणखी नावं आली. ‘गुंडु’ म्हणजे धोंडा, त्यावरून गुंडाप्पा. ‘तिप्पे’ म्हणजे उकिरडा, त्यावरून तिप्पाण्णा. कल्लाप्पाही दगडावरूनच, पण ते देवाच्या नावावरूनही ठेवतात, त्यामुळे तिथे सावध राहावं लागतं. नावावरून काही सिद्ध होत नाही. तरी घरात असं नाव दिसलं की मी त्याच्या आधीची दहा वर्षं नीट बघते. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. शाळेत मुलं त्या नावावरून चिडवायची, आईवर रागही काढला होता त्यांनी कधीतरी.

मग घरातले कागद पाहिले. उतारा, वडील वारल्यावर केलेली वारसा नोंद, नाड कचेरीतून, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली कचेरीतून, काढलेली वंशावळ. सगळीकडे आई आणि आप्पा, दोघंच. वडील गेले तेव्हा जी माणसं हयात होती तेवढीच वारस म्हणून चढली. आमच्या सुदैवानं त्याच उन्हाळ्यात गावात हेळवी आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: हेळवी हे घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवणारे लोक. सुगी झाली की सजवलेला बैल घेऊन गावोगाव जातात, ठरलेल्या घरांपुढे बसून पिढ्या मोठ्यानं वाचून दाखवतात, नव्या जन्माची भर घालतात आणि धान्य, कपडा, भांडं घेऊन पुढे जातात. कोल्हापूर-सांगलीपासून आमच्यापर्यंत मराठी घरांच्याही वह्या त्यांच्याकडे असतात. आप्पांच्या घराच्या सात पिढ्या त्यांनी न थांबता म्हटल्या. सातही पिढ्या पुरुषांच्या. बाळी तिथेही नव्हती.

इथे मला जे नीट दिसलं ते सांगते, कारण पुढचा सगळा शोध त्यावर चालला. आपल्या घराण्यांचे कागद जमिनीच्या मागून जातात. जमीन ज्याच्याकडे गेली तो लिहिला गेला. लहानपणी गेलेलं मूल कशाचंच वारस होत नाही, मुलगी तर नाहीच, म्हणून वंशावळीत तिला जागा नसते. ती शोधायची तर बापाचा कागद सोडून आईच्या मागून जायला हवं: तिचं माहेर, तिची बाळंतपणं, तिची पोरं ज्या शाळेत गेली ती शाळा. हे मला पहिल्या दिवशी सुचलं नाही. आधी मी चुकीच्या दारात चार महिने घालवले.

चुकीचं दार म्हणजे तालुका कचेरीतली रेकॉर्ड रूम. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, आणि तो १९७० पासून लागू झाला. त्याच्या आधीची गावची नोंद पाटील-तलाठ्यांच्या हाताखालच्या पुस्तकांत. यातली काही बाडं टिकली, काही वाळवीनं नेली. आमच्या गावची १९५७ ते १९६४ ची मयतांची पुस्तकं सुदैवानं होती. अर्ज कानडीत द्यायचा होता, तो लेकीनं लिहिला. तिथले कारकून कन्नड बोलणारे, वयानं तरुण. त्यांना त्या पुस्तकातली मोडीच्या वळणाची मराठी लागेना, आणि मला पुस्तकांवरच्या कानडी चिठ्ठ्या वाचायला वेळ लागे. मग ते चिठ्ठी वाचून बाड काढायचे, मी आत वाचायची. एका दुपारी त्यांनी स्वतःचा डबा पुढे केला. या माणसाशिवाय हे काम झालं नसतं.

तिसऱ्या दिवशी १९६० च्या पानावर एक ओळ मिळाली. बापाचं नाव तेच, आडनाव तेच, जात तीच. ‘मुलगी, वय ५, ताप.’ मी बाहेर येऊन तिथूनच फोन केला. आप्पा संध्याकाळी माझ्या घरी आले, ओळीचा मी उतरून घेतलेला कागद हातात धरून पुष्कळ वेळ बसले आणि रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी देवापुढे बाळीच्या नावानं दिवा लावला.

ती बाळी नव्हती.

हे कळायला आणखी तीन महिने गेले. गावातल्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघायची परवानगी मिळाली तेव्हा. मला हे सगळ्यात आधी सुचायला हवं होतं, हयात शाळेत गेली माझी. रजिस्टरात दाखल नंबर, मुलाचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, कधी दाखल, कधी आणि कशासाठी सोडली, असे रकाने असतात. जून १९६१ च्या पानावर बाळी होती. पाळण्यातल्या पूर्ण नावानं, बापाच्या नावासह. जी मुलगी १९६१ च्या जूनमध्ये शाळेत आली ती १९६० मध्ये वारलेली असणार कशी? मयतांच्या पुस्तकातली ओळ भावकीतल्या दुसऱ्या घराची होती. एका भावकीत आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल असल्यानं एकाच नावाची तीन-तीन माणसं एकाच वेळी हयात असतात, आणि त्या पुस्तकात आजोबाचं नाव लिहायला रकाना नव्हता. मला हे माहीत असूनही मी घाई केली. आप्पांकडे जाऊन सांगणं फार जड गेलं. त्यांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "असू दे बाई. त्या पोरीला तरी कुणी दिवा लावला असता?" त्यानंतर मी नियम केला: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जागी पुरावा मिळेपर्यंत घरच्यांना काही सांगायचं नाही. मेलेल्या मुलाची चुकीची बातमी देऊन मागे घेणं हा त्या घरावर दुसऱ्यांदा घातलेला घाव असतो.

रजिस्टरातली ती एक आडवी ओळ मी किती वेळा वाचली असेल. जन्मतारीख १ जून १९५५. या तारखेवर कुणी विश्वास ठेवू नये. शाळा जूनमध्ये सुरू होई, बापाला पोराची तारीख आठवत नसे, मग गुरुजी मूल बघून, दात बघून, सहा वर्षं पूर्ण होतील असं साल धरत आणि १ जून टाकून देत. आमच्याकडच्या साठी-सत्तरीच्या अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो तो यामुळे. साल मात्र एखाद्या वर्षाच्या फरकानं खरं निघतं. शाळा सोडल्याच्या रकान्यात ‘एप्रिल १९६२, सतत गैरहजर, नाव कमी’. इथेही थांबावं लागलं. नाव कमी केल्याची तारीख ती मरणाची तारीख नव्हे. मास्तर वर्षाच्या शेवटी एकदम नावं कमी करत. एवढंच म्हणता येत होतं की जून १९६१ नंतर आणि एप्रिल १९६२ च्या आधी काहीतरी झालं.

आणि जन्मस्थळ. त्या रकान्यात आप्पांच्या गावाचं नाव नव्हतं. आजीच्या माहेरचं होतं, पुढे ‘ता. चंदगड’.

इतके दिवस आम्ही जन्माची नोंद बेळगावात शोधत होतो आणि ती मिळत नव्हती, त्याचं कारण त्या दोन शब्दांत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मूल जिथे जन्मलं तिथल्या पुस्तकात ते चढतं, बापाच्या गावच्या पुस्तकात नव्हे. साधी गोष्ट आहे, पण आपण ‘गाव’ म्हटलं की बापाचं गाव धरतो. आमच्या सीमाभागात त्यात आणखी एक गाठ आहे. १९५५ मध्ये चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता, आणि जिल्हा मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, एकटा चंदगड तालुका वगळून. तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला. आजीचं माहेर आणि सासर यांच्यामध्ये दीड तासाची पायवाट. ती जन्मभर त्या वाटेनं ये-जा करत राहिली, आणि मधून राज्याची हद्द गेली. पोरीचा जन्म एका राज्याच्या दप्तरात राहिला आणि मरण दुसऱ्या.

चंदगडकडची जुनी जन्म-मृत्यूची पुस्तकं, ज्यांना महाराष्ट्रात गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक म्हणतात, गेल्या दोन-तीन वर्षांत बरीच हाताखाली आली आहेत. २०२३ पासून मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांनी १९६७ पूर्वीची बाडं उपसली. आरक्षणासाठी काढलेल्या त्या कागदांचा फायदा आमच्यासारख्यांनाही झाला. तरीही पहिल्या खेपेला नोंद सापडली नाही. आम्ही बापाचं आडनाव शोधत होतो. दुसऱ्या खेपेला मी १९५५ चं आख्खं पुस्तक पानोपान वाचलं. भाद्रपदातल्या एका पानावर आजीच्या वडिलांच्या नावापुढे नोंद होती: मुलगी, बाप जावई, राहणार अमुक, तालुका बेळगाव. खबर आजोबांनी दिली होती, कोतवालानं पहिलं नाव त्यांचंच लिहिलं. मुलीचं नाव नाही. ते नसतंच बहुधा, कारण बारशाच्या आधीच खबर दिलेली असते. पण बाप, बापाचं गाव, मामाचं गाव आणि साल, चारही शाळेच्या रजिस्टराशी जुळत होते. एक पुस्तक महाराष्ट्रातलं, एक कर्नाटकातलं, दोन वेगळ्या माणसांनी सहा वर्षांच्या अंतरानं लिहिलेलं. आता मी आप्पांना सांगितलं.

मग आम्ही मामाच्या गावी गेलो. मामा नाहीत, मामी आहेत. नव्वदीला टेकलेल्या, कानानं थोड्या कमी, बाकी ठणठणीत. आप्पांची आई आणि त्या जवळजवळ एका वयाच्या. मामी १९५४ मध्ये लग्न होऊन त्या घरात आल्या आणि दुसऱ्याच वर्षी नणंद पहिल्या बाळंतपणाला आली.

आप्पांनी गेल्या गेल्या विचारलं, "मामी, आईला पोरं किती झाली?"

"एकच की रं. तूच."

आप्पांचा चेहरा उतरला. मी त्यांना हातानं थांबवलं. आमच्याकडे ‘पोरं किती’ म्हटलं की जगलेली मोजतात. गेलेलं मोजत नाहीत, मोजलं तर राहिलेल्याला लागतं अशी समजूत आहे. मी मामींच्या जवळ सरकले आणि बाळंतपणांचं विचारलं, "मामी, वन्संच्या खेपा किती झाल्या?"

म्हातारीनं बोटं मोडली. "तीन. पयली हितं. दुसरी बी हितंच. तिसरी तिकडं, सासरला."

तीन. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही एकीच्या शोधात आलो होतो.

पुढचं मामींनी आपणहून सांगितलं, अडीच तास. मी मध्ये फक्त चहा झाल्यावर कप उचलले. पहिली पोरगी, भाद्रपदातली, पाऊस एवढा की सुईण ओढ्यापलीकडे अडकली होती. बारसं इथेच. पोरगी सावळी, केस दाट, दंडावर देवीचे मोठे वण. मामाच्या घरी सुट्टीला यायची तेव्हा पाटी घेऊन यायची आणि मामीला अक्षर शिकवायची. "मला ‘ग’ येतो बघ अजून. तिनं शिकवल्याला." दुसरा मुलगा. पाचवी पुजली, सटवीपुढं दिवा ठेवला, आणि बारशाच्या आदल्या दिवशी गेला. नाव ठेवायचं राहिलं. "तुझ्या बाबानं टोपल्यात घालून नेला आणि ओढ्याकाठाला ठेवला."

आणि बाळीचं मरण. संक्रांत झाली होती, शिमगा यायचा होता. घसा दुखायला लागला, गिळता येईना, मान सुजली. तिसऱ्या दिवशी घशात पांढरा पडदा दिसायला लागला. बैलगाडीनं बेळगावला न्यायला निघाले आणि वाटेत गेली. मामी बातमी ऐकून चालत गेल्या तेव्हा आप्पांची आई उंबऱ्यात बसून पाटी पुसत होती. पुसून झालं की परत पुसत होती.

घशात पांढरा पडदा, सुजलेली मान, तीन-चार दिवसांत श्वास कोंडणं ही घटसर्पाची लक्षणं आहेत. तरी मी अहवालात ‘घटसर्प असावा, मामींच्या सांगण्यावरून’ एवढंच लिहिलं. साठ वर्षांनी आठवणीतून रोग ठरवणं माझं काम नाही. परतताना एक गोष्ट मात्र मनातून जाईना. देवीची लस जिथं तयार व्हायची तो व्हॅक्सिन डेपो आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत. तिथलं मैदान आज त्याच नावानं ओळखलं जातं. बाळीच्या दंडावर वण होते, म्हणजे देवीपासून तिला वाचवायची व्यवस्था तिच्या खेड्यापर्यंत पोचली होती. घटसर्पावरची लसही जगात केव्हाच निघाली होती, पण देशभरच्या लसीकरण कार्यक्रमातून ती खेड्यांकडे येऊ लागली ती १९७८ नंतर. सोळा वर्षांचं अंतर.

मामींनी महिना सांगितला म्हणून मी पुन्हा रेकॉर्ड रूमला गेले. १९६२ चं पुस्तक आधीही चाळलं होतं, पण तेव्हा १९६० ची ओळ सापडल्यावर मी हात आखडता घेतला होता. फेब्रुवारीच्या पानावर नोंद मिळाली. वय ६, मुलगी, बापाचं नाव, आणि या वेळी घर नंबरही. आप्पांच्या घराचा. आता जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे अशी नोंद कुणालाही शोधून मागता येते, मात्र उताऱ्यात मरणाचं कारण देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आम्ही उतारा घेतला. कारणाच्या रकान्याबद्दल मी इथेही लिहीत नाही. एवढंच सांगते की त्या काळी पाटील-तलाठ्यांच्या पुस्तकात ‘ताप’ हा शब्द फार मोठा असे. पटकी, देवी, हगवण असं डोळ्यांना दिसणारं काही नसलं की बाकी सगळं तापात जाई. बाळीसारख्या कितीतरी पोरांचा खरा रोग त्या एका शब्दाखाली गाडला गेला आहे.

मुलाची नोंद मामींच्या गावच्या पुस्तकात होती, १९५८ ची. ‘मुलगा, वय ११ दिवस.’ नावाच्या जागी आडवी रेघ. आप्पांना ती ओळ मी मोबाइलवर दाखवली. त्यांनी फोटो मोठा करून त्या रेघेवर बोट ठेवलं. बहिणीच्या शोधात निघालेल्या माणसाला भाऊही मिळाला होता, आणि तो मिळाला तेव्हा त्याला हाक मारायला काही नव्हतं. घरात यावर बोलणं झालं. सुनेचं म्हणणं, आता तरी नाव ठेवावं. आप्पा नको म्हणाले. आई-बाबांनी ठेवलं नाही ते मी कसं ठेवू? मला त्यांचं पटलं. रेघ हीच त्या मुलाची खरी नोंद आहे. त्या जागी साठ वर्षांनी आम्ही नाव घातलं असतं तर पुढच्या कुणाला वाटलं असतं की ते पहिल्यापासून होतं.

एक प्रश्न सुटला नाही. आप्पांना बाळीला कुठं ठेवलं ती जागा हवी होती. लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. गावात दोन म्हाताऱ्यांनी दोन जागा दाखवल्या, एकानं करंजीच्या झाडाखाली, दुसऱ्यानं ओढ्याच्या वळणावर. करंजी तोडून तीस वर्षं झाली आणि ओढा दर पावसाळ्यात वळण बदलतो. मी दोन्ही जागा अहवालात लिहिल्या, दोन्हींपुढे ‘खात्री नाही’ असं लिहिलं. आप्पा म्हणाले, चालेल, दोन्हीकडं जाईन.

यंदा सुगीनंतर हेळवी परत आले तेव्हा आप्पांनी मला बोलावून घेतलं. हेळव्यांनी वही उघडली, आप्पांनी आधी बाळीचं पाळण्यातलं नाव सांगितलं, मग साल, मग ‘मुलगा, अकरा दिवस’. वयस्क हेळवी क्षणभर थांबले. त्यांच्या वहीत मुली लिहायची रीत नाही. "वंश पुढं जात नाही, मग लिहून काय करायचं?" असं त्यांनी शांतपणे, रागावून नव्हे, विचारलं. आप्पांनी उत्तर दिलं नाही, फक्त पायलीभर भात पुढं केला. त्यांनी लिहिलं, मुख्य ओळीत नव्हे, समासात.

त्याच दिवशी मामींना गाडीनं आणलं होतं. जेवणं झाल्यावर लेकीनं वाळे आणून त्यांच्या हातात दिले. माझ्या मनात पहिल्यापासून एक शंका होती. वाळे तान्ह्याच्या मापाचे. ते बाळीचे की त्या मुलाचे? आजोळची माणसं बारशाला बाळलेणं घालतात, आणि मुलगा बारशापर्यंत पोचलाच नाही. मी तसं विचारलं.

मामींनी वाळे पदरानं पुसले, कानापाशी नेऊन वाजवून बघितले.

"थोरलीचेच. दुसऱ्याला नवं कुटलं? बाराव्या दिवशी हेच घालायचे म्हणून आदल्या रात्री मीच चिंचेनं घासून ठेवल्याले."